सोळा दिवसांचा दाखला

ती केस विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण निवृत्त झाल्यावरही ती पाठ सोडत नाही. नाव कुणाचंच सांगणार नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती मनातच ठेवावी.

नामांतराचा लढा पेटलेला होता आणि त्याच वर्षांत औरंगाबादच्या भोवती कारखाने उभे राहत होते. माझं ठाणं शहराबाहेर, जालना रस्त्याच्या अंगाला. सकाळची हजेरी झाली की अर्धा स्टाफ मोर्च्यांच्या बंदोबस्ताला जायचा, उरलेला कारखान्यांच्या गेटवर. ठाण्यात मी, ठाणे अंमलदार आणि खरखरणारा वायरलेस.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी एका मोर्च्यात दगडफेक झाली. मी धरलेल्यांत शेंद्र्याचा एक तरुण कामगार होता. घर शेतकऱ्याचं, लग्न नुकतंच झालेलं. घरच्यांना नामांतर मान्य नव्हतं, हा मात्र कारखान्यातल्या दोस्तांबरोबर पुढच्या रांगेत. लाठ्या खाल्ल्या, पण माफी मागितली नाही. मला तो पोरगा आवडला होता, खोटं कशाला बोलू? सोळा दिवस हर्सूलच्या जेलात काढून तो जामिनावर सुटला.

होळीनंतर त्याचा बाप ठाण्यात आला. हात जोडून म्हणाला, "सायेब, पोराच्या कंपनीत दाखला मागायलेत. कवापासून कवापर्यंत आत व्हता, तेवढं लिहून द्या."

मी रजिस्टर काढलं, तारखा पाहिल्या, दाखला लिहून सही केली आणि शिक्का मारला. म्हाताऱ्याला चहाही पाजला. कंपनीचं पत्र कुठंय, असं विचारायचं मला सुचलं नाही.

पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्यातून खबर आली. त्याच तरुणाची बायको, वय वीस, घरात पाय घसरून पडली, गर्भपात. हवालदार कागद फाइलला लावून मोकळा होणार होता. मी दुसऱ्याच कामाने दवाखान्यात गेलो, तर वॉर्डातल्या आयाने मला जिन्याखाली गाठलं.

"सायेब, माझं नाव कुठं घेऊ नका. पण पाय घसरलेल्या बाईच्या पोटातून झाडाची काडी निघत नाय."

वॉर्डातल्या डॉक्टरांनी दुजोरा दिला. मुलीला ताप चढला होता, ती बडबडत होती. जबाब घेण्यासारखी स्थिती नव्हती. जगेल की नाही, हेही ते सांगेनात. बाईच्या संमतीवाचून गर्भ पाडल्याचा गुन्हा मी दाखल केला आणि जीप घेऊन शेंद्र्याला गेलो.

सासरा घाबरला नाही. त्याने नाकारलंही नाही. खुलताबादच्या बाजूची काडी घालून पोट पाडणारी एक बाई आणली, सुनेचे हातपाय आम्ही नवराबायकोनं धरले, असं त्याने सरळ सांगितलं. मग आतल्या खिशातून दोन कागद काढून माझ्यापुढं ठेवले. एक शहरातल्या सोनोग्राफीचा. पोटात दुखतं म्हणून सुनेला तिथं नेलं होतं. दुसरा माझ्या सहीशिक्क्याचा.

"ह्यो मशीनचा कागद. आठ हप्ते लिवलेत. आन् ह्यो तुमचा. आठ हप्त्यांमागं पोरगं तुमच्या जेलात व्हतं. आता तुमीच सांगा सायेब, पोटात कुणाचं व्हतं?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. तपासणीच्या तारखेपासून मी एकेक आठवडा मागं गेलो. आठव्याला बोट संक्रांतीवर थांबलं. नवरा त्या दिवशी जेलात होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? "काही असलं तरी तुम्ही केलं तो गुन्हाच," असं मी म्हणालो खरा, पण आवाजात दम नव्हता. मनातल्या मनात मी त्या मुलीला चारित्र्याची वाईट ठरवून मोकळा झालो होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

नवऱ्याला बाजूला घेतलं. "त्या बाईला आणलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"दादांपुढं काय बोलावं सायेब? कागदच तसा व्हता."

माझ्या लाठीपुढं न वाकलेला माणूस बापापुढं मान खाली घालून उभा होता. मला त्याचा इतका राग आला की हात उचलला होता, कसाबसा आवरला.

पंचनामा केला. सोनोग्राफीचा कागद जप्त केला. दाखला मात्र मी उचलून स्वतःच्या खिशात घातला. लेखी अर्जाशिवाय दाखला कसा दिला, असं वरिष्ठांनी विचारलं असतं, एवढंच त्यामागचं कारण.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या डॉक्टरांचा जबाब घ्यायला गेलो. मशीन शहरात नवीनच आलेलं. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं, फक्त सही घ्यायची होती. मी म्हणालो, "म्हणजे बरोबर आठ आठवड्यांपूर्वी गर्भ राहिला."

"असं कुठं लिहिलंय?" ते म्हणाले.

मग त्यांनी मला लहान मुलासारखं समजावलं. इतक्या सुरुवातीला गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात. तिच्या गर्भाची दीड सेंटिमीटरच्या थोडी वर होती. पुढं पुढं मुलं लहानमोठी होतात, पण या दिवसांत सगळ्यांची वाढ जवळजवळ सारखीच असते, म्हणून हे माप सगळ्यांत भरवशाचं. चूक झाली तर चारपाच दिवसांची.

"पण आठवडे आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतो. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. आठ आठवडे याचा अर्थ गर्भ राहून सहा झाले."

त्यांनी आपली नोंदवही उघडली. तिच्या नावापुढं, शेवटची पाळी कधी, या रकान्यात तिनं सांगितलेलं लिहिलं होतं: संक्रांत.

संक्रांतीनंतर दोन आठवडे. तोवर नवरा सुटून घरी येऊन पाच दिवस झाले होते. मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो.

तडक शेंद्र्याला गेलो. सासू चुलीपुढं बसली होती. गुन्ह्याचं काही न बोलता मी तिला विचारलं, "मावशी, औंदा सुनेची पहिली संक्रांत ना? केली का हौस?"

म्हातारी फणकारली. "कशाची हौस सायेब! पोरगं जेलात, आन् ही नेमकी त्याच दिवशी बाहेर बसली. काळं लुगडं घडीवरच राह्यलं. हळदीकुंकवाच्या बाया दारातून मागं गेल्या."

"बाहेर बसली म्हणजे पाळी आली होती?"

"व्हय. चार दिवस शिवू दिलं नाय मी चुलीला."

"मग मावशी, त्या दिवशी तिच्या पोटात काही नव्हतं. जे राहिलं ते तुमचा मुलगा घरी आल्यावर राहिलं. नातवंड तुमचंच होतं."

 तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हंबरडा फोडला. नवरा आतून धावत आला. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो उंबऱ्यावरच खाली बसला. मला त्यातल्या कुणाचीही दया आली नाही.

सासऱ्याला आणि त्या बाईला अटक केली. पुढं दोघांना शिक्षा झाली. सासूवरही खटला चालला, ती सुटली.

मुलगी जगली. तिला पुन्हा मूल होणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. जबाबासाठी मी तिच्या खाटेजवळ बसलो तेव्हा नवरा वॉर्डाच्या दारात उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "मी माहेरी जाते," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी तिला सांगितलं. बरं वाटेल अशी माझी समजूत.

"ते मला ठावंच व्हतं सायेब," ती म्हणाली. "संक्रांतीचं मी सांगितलंच असतं की. इचारलं कुणी?"

मी जबाब लिहीत राहिलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "जेलच्या तारखांचा कागद मामंजींना कुणी दिला? त्यो नसता तर हे ध्यानात बी आलं नसतं त्यांच्या."

"ते तपासात आहे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि जबाबावर अंगठा उठवला. पोलीस त्याला शोधून काढतील, असा भरवसा तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

त्या केसमध्ये मी नऊ जणांचे जबाब घेतले आणि तिचा सर्वांत शेवटी. इतरांना अजून मी सांगतो की ज्याच्यावर बेतलंय त्याला आधी विचारा, मग कागद बघा. नवे अधिकारी माना डोलावतात. कागद कुणी दिला, हे मात्र मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नोकरीभर मी माणसांना बोलतं केलं. त्या खाटेपाशी मला दोन शब्द बोलायचे होते, आणि माझी जीभ रेटली नाही.