वाणाची शेवटची जागा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लुटायचं यावर आमच्या गटात दरवर्षी भरपूर काथ्याकूट होतो आणि शेवटी प्लास्टिकचे डबे ठरतात. रायपूरच्या समता कॉलनी आणि आसपासच्या मराठी बायकांचा हा गट. बहुतेकींची माहेरं नागपूर-अमरावतीकडची, नवरे रेल्वेत नाहीतर सरकारी कचेऱ्यांत. मी स्वतः नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात नोकरी करते. मला कॉम्प्युटरवर याद्या करता येतात, एवढ्या एका गुणावर गटाची चिटणीस झाले आहे. गेल्या काही वर्षांत वाण म्हणून मिळालेल्या चहाच्या गाळण्या माझ्याकडे सात आहेत.

त्या वर्षी आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी डब्यांना नाही म्हटलं. त्यांची धाकटी बहीण आदल्या पावसाळ्यात स्तनाच्या कर्करोगाने गेली होती. गाठ होती, पण तिने ती कोणाला दाखवली नव्हती.

"यंदा वाण म्हणून तपासणीच द्यायची," काकू म्हणाल्या. "तिले कोणी वेळेवर सांगितलं नाही. तुम्हाले मी सांगून राहिली."

एरवी आम्ही कशालाही हसतो. त्या दिवशी कोणी हसलं नाही. काकूंची भाची एका खासगी रुग्णालयात कामाला होती, तिने मॅमोग्राफीची फिरती गाडी मिळवून दिली. एक दिवस, पंचवीस जागा, सगळं फुकट. यादी अर्थातच माझ्याकडे आली.

आमचा गट तसा पुढारलेला आहे, असं आम्ही स्वतःच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की नवरा गेलेल्या बायकांनाही हळदीकुंकवाला बोलवायचं, त्यांनाही वाण द्यायचं. यावर दोघी रुसल्या, नंतर आल्याही. त्यामुळे यादी करताना मी आधी विधवा मावश्या आणि सासवांची नावं घातली. माझी मीच मला फार मोठ्या मनाची वाटले. स्वतःचं नाव मात्र मी घातलं नाही, कारण माझी तपासणी आमच्या ऑफिसतर्फे दरवर्षी होते. विम्यात बसते.

माझ्याकडे भांडी-फरशीला येणारी बाई माझ्याच वयाची. मूळची महासमुंदकडच्या एका गावातली, नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन दूर. कॉलनीमागच्या वस्तीत एकटी राहते आणि आमच्याच गल्लीत पाच घरची कामं करते. आमच्याशी हिंदीत बोलते, आपल्या माणसांशी छत्तीसगढीत. आम्ही जातपात पाळत नाही. तिचा कप वेगळ्या फळीवर असतो, पण ते सोयीसाठी, असं माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं आणि मी ते पुढे माझ्या मुलीला सांगितलं.

डिसेंबरात एका सकाळी कढई घासता घासता ती मला म्हणाली, "दीदी, इधर गाँठ जैसा लगता है." साबणाच्या हाताने तिने डाव्या बाजूला काखेजवळ दाखवलं. मी विचारलं, दुखतं का? "नइ पिरावय," ती म्हणाली. दुखत नाही. आम्हा दोघींनाही ते ऐकून बरं वाटलं. खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं. ऑफिसातल्या तपासणीच्या वेळी दरवर्षी जे माहितीपत्रक हातात देतात, त्यात न दुखणारी गाठच जास्त धोक्याची, असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं.

मी तिला सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं. ती गेली. एका खिडकीवरून दुसरीवर पाठवलं, मग इलाजाचं कार्ड मागितलं. कार्ड गावच्या घरी पेटीत. ते आणून ती परत गेली तर मशीन फक्त बुधवारी असतं, तारीख पुढच्या बुधवारची मिळाली, सकाळी आठला नंबर लावायचा. म्हणजे पाच घरी सुट्टी. चार घरांनी तोंडं वाकडी केली. "सब रिसा गए," ती म्हणाली, म्हणजे रागावले. पाचवं घर माझं. त्या बुधवारी माझ्याकडे नणंदेची माणसं जेवायला येणार होती.

"पुढच्या बुधवारी जा ना," मी म्हटलं. "एका आठवड्यानं काय होतं?"

"हव दीदी," ती म्हणाली. पुढच्या बुधवारी दुसऱ्या घरी सत्यनारायण होता. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पांढरी, बसएवढी, मागे लोखंडी पायऱ्या. काकूंच्या अंगणात मांडव होता. एकीकडे हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ. दुसरीकडे माझं टेबल आणि यादी. बायका काठापदराच्या साड्या सावरत पायऱ्या चढत होत्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी पदर नीट करत उतरत होत्या.

"लय थंडगार आहे वं ते मशीन," एक जण उतरल्या उतरल्या म्हणाली. "पोळी दाबावी तसं दाबते."

"काहून घाबरवून राहिली तिले?" काकू ओरडल्या. पुढचीचा चेहरा उतरला होता. तिला दोघींनी धरून वर चढवलं. काकू दिवसभर त्या पायऱ्यांपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, उतरणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत होत्या. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

कपबश्या धुवायला आणि चहा फिरवायला मी आमची बाई नेली होती. अशा दिवशी कामाच्या बायकांनाही आम्ही काही ना काही देतो, पण ते सगळं आटोपल्यावर, मागच्या दाराशी: उरलेला तिळगूळ आणि एक स्टीलची वाटी. त्याला आम्ही वाणच म्हणतो. बोलावलेल्या बाईचं वाण वेगळं आणि कामाच्या बाईचं वेगळं, हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. मी यादी केली तेव्हाही ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

चार वाजत आले आणि तंत्रज्ञ मुलगी खाली आली. "मैडम, दो जगह खाली है. कोई है क्या? फिर हम निकलेंगे."

दोघी आल्या नव्हत्या. मी एकीला फोन केला, ती सदर बाजारात सोनाराकडे अडकली होती. दुसरी बूढ़ापाऱ्यात माहेरी गेली होती, आईला ताप. मग मी यादीबाहेरच्या तिघींना फोन केले. कोणी उचलला नाही, कोणाला यायला तास लागणार होता. या सगळ्या वेळात बाई माझ्यापासून चार हातांवर ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्या ट्रेमधून कपही उचलला.

मी तिला टाळलं असं नाही. टाळायला माणूस आधी डोक्यात यावा लागतो. ती माझ्या डोक्यातच आली नाही. महिनाभरापूर्वी जिने मला गाठ दाखवली होती, तिच्यासमोर उभं राहून मी तपासणीच्या रिकाम्या जागांसाठी बायका शोधत होते.

एक जागा काकूंच्या पुण्याहून आलेल्या विहिणीला दिली. तिची दिवाळीतच तपासणी झाली होती. "फुकट आहे तर करून घ्या," सगळ्या म्हणाल्या. उरलेली एक वाया जायला नको म्हणून मी स्वतः चढले. ऑफिसातल्या तपासणीला चारच महिने झाले होते. पायऱ्या चढताना मी शाल, पर्स आणि मोबाइल बाईच्या हातात दिला. खाली उतरले तेव्हा ती तशीच उभी होती, पर्स छातीशी धरून.

"हो गया दीदी?" तिने विचारलं.

"हो गया," मी म्हटलं.

सगळ्यांचे रिपोर्ट आठवड्याभरात आले. एकीला पुन्हा दाखवायला सांगितलं, तेही काही नव्हतं. गटाच्या व्हॉट्सॲपवर फुलांची आणि हात जोडल्याची चित्रं पडली. काकू म्हणाल्या, आता दरवर्षी हेच वाण.

होळीनंतर बाई चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा डावा हात अंगाला धरून होती. काखेपाशी ब्लाउजला डाग होता. तेव्हा कुठे मला सगळं एकदम आठवलं. डिसेंबर, बुधवार, ती गाडी. मी त्याच दिवशी रजा टाकली आणि तिला आमच्या कारमध्ये घालून सरकारी रुग्णालयात नेलं. बुधवार नव्हता. एका ओळखीच्या साहेबांना फोन केला तर नंबरही लागला, मशीनही मिळालं. इतकं सोपं होतं ते.

सगळे तपास व्हायला दोन आठवडे लागले. त्या काळात मी रोज गुगलवर वाचत बसायचे आणि रोज स्वतःची समजूत घालायचे की दोन-तीन महिन्यांनी फार फरक पडला नसेल. तो पडला असेल की नाही हे मला आजही माहीत नाही. कोणी सांगूही शकणार नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टर समोर रिपोर्ट मांडून बसल्या. तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. रोग काखेतून हाडांत गेला होता. औषधांनी थोपवून धरू, म्हणाल्या, पण पूर्ण बरं होण्यासारखं आता राहिलेलं नाही. बाईला त्यांनी हे हळू, साध्या शब्दांत सांगितलं. बाईने मान हलवली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "गाँठ कब से थी?"

"अगहन से," बाई म्हणाली. अगहन म्हणजे मार्गशीर्ष.

"इतने महीने! किसी को बताया नहीं?"

मी बाईच्या शेजारच्या खुर्चीत होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "किसी को नहीं बताई मैडम," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्यावर चिडल्या. तुम्ही बायका सांगतच नाही, लपवून ठेवता, मग आम्ही काय करणार, असं बरंच बोलल्या. बाई खाली मान घालून ऐकत होती. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. डॉक्टर मग माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, आप जैसे लोग साथ आते हैं, बड़ी बात है. मी त्यावर हात जोडले.

गाडीत बसल्यावर मला राहवेना. मी विचारलं, "झूठ क्यों बोली? मेरे को तो बताई थी."

ती खिडकीबाहेर बघत होती. आवाजात राग नव्हता.

"आपका नाम ले देती, आप रिसा जातीं," ती म्हणाली. "फिर अगली बार मेरे को यहाँ कौन लाता, दीदी?"