वाचून दाखवले, बरोबर आहे

आमच्या तालुक्याच्या कोर्टात साक्ष टाइप झाली की तिच्याखाली एक ओळ येते : 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' कायद्याने ती साक्ष साक्षीदाराला खरोखरच वाचून दाखवायची असते. मी लघुलेखक म्हणून चिकटलो तेव्हा ही ओळ संगणकात आधीच भरून ठेवलेली होती आणि वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. साक्षीदार सही करी, नाहीतर अंगठा उठवी आणि सुटलो म्हणून बाहेर पळे.

एकदा असा पळालेला एक म्हातारा परत आला. दंडाला धरून एका बाईने त्याला माझ्या टेबलापुढे उभं केलं. तिच्या गळ्यात विधी स्वयंसेवकाचं ओळखपत्र होतं आणि खांद्याला कापडी पिशवी.

"सायब, याचं काय लिवून घेतलंय ते याला वाचून दाखवा."

"झालं की ते. खाली लिहिलंय."

"तेच म्हणून राहिले मी. लिवलंय, पण झालं न्हाई."

मी चरफडत वाचायला घेतलं. चौथ्या ओळीत म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ मेलेला निघाला. मेला होता थोरला. दुरुस्तीसाठी जज्जसाहेबांकडे जावं लागलं आणि त्यांनी सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली. सोजरबाईंशी माझी ओळख झाली ती अशी. पहिले काही महिने त्या फाटकातून येताना दिसल्या की मी कपाटातल्या फायलींत डोकं घालत असे.

त्यांचं माहेर शिरूर अनंतपाळचं, शाळा चौथीपर्यंत. ऐन उमेदीची वर्षं धर्माबादला मिरच्यांचे देठ खुडण्यात गेली. ते काम सुटून जमाना झाला तरी डोळ्यांत पाणी आलं की त्या हाताने पुसत नसत, दंडाने पुसत. मोफत कायदेशीर मदतीच्या शिबिरात शिकून त्या स्वयंसेवक झाल्या होत्या. कायद्याची कलमं त्यांना आकड्यांनी येत नसत, पण कोणत्या कागदाने कुणाचं वाटोळं होतं हे बरोबर ठाऊक असे. म्हणायच्या, "कागद आपल्या माघारी बोलतोय, सायब. एकदा तरी आपल्या म्होरं बोलू द्यावा."

शनिवारी दुपारी त्या कुठल्या ना कुठल्या गावच्या विहारात बायांचा वर्ग घेत. एकीला फौजदार करायचं, दुसरीला तक्रारदार. फौजदार व्हायला झुंबड उडे. दात पडलेली एक आजी फौजदार झाली की इतकी डाफरायची की समोरची खरोखरच उठून पळे. "पळ," सोजरबाई म्हणत, "पण अर्जाची पोच घेऊन पळ." पोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा सहीशिक्का. तो घेतल्याशिवाय त्या स्वतः कुठल्याही कचेरीची पायरी उतरत नसत.

वैशाली त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. तिच्या सासऱ्यापासून कसत आलेला गायरानाचा एक तुकडा होता. गावातल्या एका बड्या घरच्यांनी त्यातल्या उभ्या तुरीत ट्रॅक्टर घातला आणि ही आडवी आली म्हणून काठीने तिचा हात मोडला. ठाण्यात फौजदाराने 'बाचाबाची झाली' असं लिहून घेतलं. वैशालीने ते वाचायला लावलं आणि म्हणाली, "बाचाबाची न्हाई. मारलं." शब्द बदलल्यावरच तिने डाव्या हाताने सही केली. सोजरबाईंनी ही हकीकत कोर्टासमोरच्या चहावाल्यापासून बेलिफापर्यंत सगळ्यांना ऐकवली. मला तर तीनदा.

साक्षीची तारीख लागेपर्यंत दोन वर्षं गेली. गावातली शेतं त्या घराची आणि त्यांच्या भावकीची. वैशालीला नि तिच्या नवऱ्याला कुणी कामावर बोलवीना. पिठाच्या गिरणीवाल्याने त्यांचं दळण घेणं बंद केलं. असं वाळीत टाकणं हाही गुन्हाच, म्हणून सोजरबाईंनी अर्जांवर अर्ज दिले, प्रत्येकाची पोच घेतली आणि त्या सगळ्या पोच वैशालीच्या घरी नेऊन दिल्या. शेवटी तिची सासू त्यांना म्हणाली, "बाई, पोच लई जमल्या. दळण कुठं दळावं तेवढं सांगा." हे मला सांगताना सोजरबाईंनी दंडाने डोळे पुसले.

तारखेला वैशाली पिंजऱ्यात उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "मला कुणी मारलं नाही. बांधावरून पाय घसरून पडले." सरकारी वकील उठले, साहेबांनी सांगितलं आणि मी टाइप केलं : साक्षीदार फितूर. शेवटच्या बाकावर सोजरबाई बसल्या होत्या. त्यांच्यामुळे एव्हाना मला प्रत्येक साक्ष वाचून दाखवायची सवय लागली होती. तीही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. वैशाली म्हणाली, "बरोबर हाय," आणि सही केली. इतकी बिनचूक साक्ष त्या वर्षात मी टाइप केली नव्हती आणि ती सगळी खोटी होती. मला फार लाज वाटली.

दुपारच्या सुट्टीत सोजरबाई माझ्या टेबलापाशी आल्या.

"फितूर म्हंजे काय हो, सायब?"

"आधीचा जबाब फिरवला की म्हणतात तसं."

"फितूर म्हंजे दुश्मनाला जाऊन मिळालेला. ती कुठं मिळाली कुणाला? ती तर घरी गेली."

"मग काय लिहू?"

"ते मला येत न्हाई. येत हुतं तेवढं मी तिला शिकवलं. म्हून तर ती हितवर आली."

पुढच्याच आठवड्यात त्या वैशालीकडे गेल्या. तुझ्यावर राग नाही, एवढंच सांगायचं होतं. वैशालीने चहा पाजला, दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आता परत येऊ नका. तुमी आल्या की गाव बघतंय." गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा सुरू झाली होती.

काही महिने सोजरबाईंचे वर्ग बंद होते. सुरू झाले तेव्हा त्यांची तऱ्हा बदलली होती. कुणी तक्रार घेऊन आली की त्या आधी विचारत : केस चालेल तोवर काम कुठं करशील? दळण कुठं? लेकरं कोणाकडं ठिवशील? या प्रश्नांना उत्तरं मिळाली तरच अर्ज. बऱ्याच जणी उत्तर शोधायला म्हणून जात आणि परत येत नसत. त्यांच्या गावांकडून आमच्या कोर्टात येणाऱ्या केसेस कमी झाल्या. वकील मंडळी म्हणाली, बाई आता तयार झाली.

एका दुपारी त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. मी टाइप करीत होतो. त्या मधेच म्हणाल्या, "सायब, एक इचारू? मी लोकायला शहाणं करून राहिले का भेकड?"

"शहाणं," मी म्हणालो. जरा फारच पटकन म्हणालो.

त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "लिवून द्या."

मी हसलो. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं आणि मला बरंच वाटलं. बाहेर आलो तर बाई गेल्या होत्या, कागद तिथेच होता. त्या हिवाळ्यात माहेरी भावाकडे असताना सोजरबाई वारल्या. आठवडाभराचा ताप, एवढंच कळलं. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. लिहायला म्हणून मी तो दोनदा काढला. अजून तो कोराच आहे.