आरशांच्या घागऱ्यातली चोरटी

ही जुनी कार्टून काढणाऱ्या माणसांना एकदा आमच्या शाळेत आणावं आणि दुसरीच्या वर्गात सतरंजीवर बसवावं, असं मला फार वाटतं. नुसतं बसवायचं, बोलायचं काही नाही. पण ती माणसं आता हयात तरी असतील की नाही कोण जाणे, आणि खरं सांगायचं तर ते कार्टून लावलं होतं मीच.

आमच्या इकडच्या गोरेगावच्या पुढं एका खेड्यात मी शाळेवर आहे. गोरेगावहून जीप पकडायची, रस्त्यावर उतरायचं आणि मग पायी. माझ्या वर्गात अर्धी पोरं गावातली, अर्धी मागच्या बंजारा तांड्यावरची. मी स्वतः तांड्यावरचीच, पण लांबच्या, आखाडा बाळापूरकडच्या. साडी नेसते, वर्गात मराठी बोलते. मी कुठली हे पोरांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. लपवलं असं नाही, विषयच निघाला नाही, अशी मी आपली स्वतःची समजूत घालत होते.

शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला पोरांना मोठ्या टीव्हीवर काहीतरी दाखवायचं, ही आमची पद्धत. त्या शनिवारी शोधता शोधता मला एक जुनं परदेशी कार्टून सापडलं. माझ्या जन्माच्याही आधीचं, हिंदीत बोलणारं. वरच्या चित्रात बैलगाड्यांची रांग होती आणि पुढं एक बाई, आरशांचा घागरा घातलेली, हातभर बांगड्या. अगं बाई, ही तर आमचीच! मी हरखूनच गेले. आमचे लोक एके काळी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्यांना पडद्यावर कोण दाखवतं? तांड्यावरच्या लेकरांना आपली माणसं दिसतील म्हणून मागचंपुढचं काही न बघता मी ते लावून दिलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

सुरुवातीला बैल, शेकोटी, गाणी. तांड्यावरची एक पोरगी तर उठून उभीच राहिली. "मॅडम, माही आजी! बराबर माह्या आजीवानी हाय!"

खरंच तशी होती. तिची आजी रोज तिला सोडायला यायची, अंगावर आमचा पूर्ण पेहराव. घागऱ्यावरचे आरसे उन्हात चमकायचे आणि पायातल्या कड्यांचा आवाज तिच्या आधी वर्गात पोचायचा. आता तांड्यावरही असा पेहराव चार-दोन म्हाताऱ्याच घालतात.

मग पडद्यावरच्या त्या बाईनं जत्रेतलं एक गोरंपान, सोनेरी केसांचं लेकरू उचललं, पोत्यात घातलं आणि पोतं बैलगाडीत टाकलं. "बंजारन बच्चा ले गई!" असं हिंदीत कोणीतरी ओरडलं. आता त्या परदेशातल्या बाईचा आणि आमचा काय संबंध? ती कोण, कुठली, देव जाणे. पण हिंदी आवाज देणाऱ्यांना आमचंच नाव सुचलं. आणि तेवढ्या वेळात काय काय नव्हतं! काळा तो लबाड, जाडा तो बावळट, बाकदार नाकाची बाई म्हणजे चेटकीण, आणि गुणी तेवढा गोरा. माझ्या वर्गात गोरं म्हणावं असं एक लेकरू नाही. तरी सगळी पोरं त्या सोनेरी केसांच्या बाजूनं टाळ्या वाजवून राहिली होती. मी रिमोट शोधून बंद करेपर्यंत ती पोरगी खाली बसली होती.

सोमवारी आजी फाटकाशी आली आणि गावातल्या पोरांनी नवाच खेळ काढला. "पळा रे, पोत्यात घालते!" म्हणत दोघं धूम पळाले. हसत होती पोरं बिचारी, त्यांच्या लेखी तो खेळच होता. मी दोघांना दम दिला, तर मंगळवारी चौघं पळाले. पोरीनं आजीचा हात सोडला आणि एकटीच आत आली. बुधवारी ती शाळेत आलीच नाही. गुरुवारीही नाही.

आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "कार्टून हाय मॅडम, लेकरं इसरून जातील. तुमी काहून डोक्याला ताप करून घेता?" मला असा संताप आला! म्हटलं, सर, तुमच्या आईला बघून कोणी पळालं असतं म्हणजे कळलं असतं. ते हजेरीपट चाळत बसले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तांड्यावर गेले. आजी ओट्यावर तूर पाखडत होती. मी आमच्या भाषेत बोलले तशी तिनं सूप खाली ठेवलं. "तू आपली व्हय? मंग इतके दिवस बोलली काहून न्हाई?" मी तिला कार्टूनची गोष्ट सांगितली, माझी चूक होती तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ते लेकरू नेलं तवा त्याची माय कुठं व्हती?"

"ते दाखवलं नाही."

"आणि चोरायचं तरी काहून? मला माही सात झाली. सातांना पुरं पडता पडता जीव जायची पाळी. आठवं पोत्यात घालून आणते व्हय मी?" असं म्हणून ती खो खो हसली. मीही हसले. पोरगी मात्र दारामागून बाहेर येईना. आजी सोडायला येणार असेल तर शाळेत यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

शुक्रवारी मी ठरवलं, आता पुरे. खिचडीच्या सुट्टीआधी वर्गाला सांगून टाकलं, "मी पण तांड्यावरचीच आहे. माझी आईसुद्धा तसाच घागरा घालायची. आमच्यात कोणी कोणाचं लेकरू चोरत नाही."

मग पुढच्या रांगेतलं एक पोरगं मला धीर द्यावा तसं म्हणालं, "पण मॅडम, तुमी तशा न्हाईत. तुमी साडी नेसता." सगळ्यांनी माना डोलावल्या. जीवच भांड्यात पडला मेल्यांचा. अरे, तसं नाही रे, ऐका तरी, असं मी म्हणेपर्यंत खिचडीची घंटा झाली आणि पोरं ताटल्या घेऊन पळाली. कपाळावर हात मारून घेतला मी.

शनिवारी सकाळी पोरगी आली. सोबत हिरव्या साडीतली एक बाई होती. पार फाटकाशी येईपर्यंत मी ओळखलं नाही. निऱ्या वरखाली झालेल्या, पदर एका हातानं धरलेला, आणि दंडावर जिथं बांगड्या असायच्या तिथं कातडीचे फिके पट्टे. एकही पोरगं पळालं नाही. पोरगी आजीचा हात धरून झुलवत येत होती, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"साडी काहून, याडी?" मी विचारलं. आईला आम्ही याडी म्हणतो.

"शेजारच्या पोरांनी हिला सांगितलं, मॅडम बी तांड्यावरच्याच हायेत, पण साडी नेसतात म्हणून त्यांना कोणी भेत न्हाई. मंग ही म्हणली, आजी, मॅडमवानी नेस." ती निऱ्या सारख्या करत होती. "सुनेची हाय. आता बराबर दिसते का मी?"

पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणाले, "व्हय."