माझ्या मापाचा ड्रायसूट

माझा मुलगा अमेरिकेत, मिशिगन सरोवराच्या काठच्या एका गावात शाळेत शिकवतो. कायाकमधून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीतून, सामन मासे पकडायचा त्याला नाद आहे. आमच्यात बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, म्हणून एका हिवाळ्यात मीच म्हटलं, मलाही शिकव. तो ॲन आर्बरला आमच्याकडे आला आणि मला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला.

मी गळाचा सगळ्यात लांब रॉड उचलला. त्याने तो परत ठेवला. कायाकमध्ये आपण पाण्यालगत बसतो, त्यामुळे फार लांब रॉडने मासा जाळ्यापर्यंत आणता येत नाही, आणि फार आखूड असला तर मासा समोरून पलीकडे पळताच दोरी कायाकच्या टोकाला अडकते, असं त्याने समजावलं. शेंडा लवचीक हवा, कारण ताठ रॉडने हिसका बसला की माशाचं तोंड फाटून गळ निघतो. इतकं सलग तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. मला निम्मं कळलं नाही, तरी मी विचारत राहिलो.

मग त्याने ड्रायसूट काढला, आत पाणी शिरू न देणारा अंगभर पोशाख. हा कशाला, वसंतात ऊन असतं की, असं मी म्हटलं.

"बाबा, हवा बघून नाही, पाणी बघून कपडे घालायचे. तू त्या बर्फगार पाण्यात पडलास, तर थोड्या वेळात हातच चालणार नाहीत."

सूटची रबरी कॉलर त्याने दोन्ही हातांनी ताणली आणि माझं डोकं बाहेर काढलं. बर्फ वितळला की जाऊ, म्हणाला. तोवर पोहण्याच्या बंदिस्त तलावात उलटून पुन्हा कायाकवर चढायचा सराव मी करत होतो. या वयात ते सोपं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. त्याचे सासरे येणार होते. त्यांना लहानपणापासून मासेमारीची सवय, त्यामुळे पहिली ट्रिप त्यांच्याबरोबर करावी, असा त्याचा विचार होता.

"तुझा सूट त्यांना फिट होईल. यू डोन्ट माइंड, राइट?"

मी म्हटलं, घेऊन जा. रॉडही घेऊन जा.

रविवारी फोटो आला. माझ्या सूटमध्ये सासरे, हातात चकचकीत सामन, आणि त्यांच्या खांद्यावर माझ्या मुलाचा हात. फोटो छान आलाय, असं बायको म्हणाली. छानच होता. सूट महिन्याभराने कुरिअरने परत आला, कॉलर फाटलेली. बदलून देतो, असा त्याचा मेसेज होता. उन्हाळ्यात मासे खोल जातात, आता नको, असाही.

पानं गळायला लागली तेव्हा त्याने पुन्हा फोन केला. मासे काठाशी आलेत, सासरेही येतायत, तू येतोस का? माझा खांदा दुखतोय, असं मी सांगितलं.

"ओके बाबा, टेक केअर," तो म्हणाला.

कुठला खांदा, हेही त्याने विचारलं नाही.