तण राखलेला तुकडा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळे माझा शोधनिबंध छापून येणं ही सगळ्या घराची गोष्ट होती. किन्हवलीजवळच्या आमच्या शेतातलं गावठी भात तणातही तग धरतं, असं मी त्यात मांडलं होतं. नियतकालिकाच्या परीक्षकाने आणखी एका हंगामाची आकडेवारी मागितली. म्हणून पुढच्या पावसाळ्यातही एका तुकड्यातलं तण मी तसंच राखलं.

भात पोटरीला आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा घरी गेलो, तर त्या तुकड्यात गवताची काडी उरली नव्हती. आई बांधावर कंबर धरून बसली होती.

"आई, तुला सांगितलं होतं ना, इथलं तण काढायचं नाही?"

"बाया हसतात रे! पोरगा भाताचा डाक्टर, नि शेतात गुडघाभर गवत! माजी मान खाली जाते."

मी तिला हात देऊन उठवलं. संपादकांना खरं ते कळवून वर्षाची मुदत मागितली. ती मिळाली नाही, निबंध नाकारला गेला.

आई अजून विचारते, "छापला का रे?"

"तपासतायत अजून."

"तपासू दे. शेत येकदम साफ हाय म्हनावं."