पाणी मागून आलं

गेल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता आमच्या अंगणात लख्ख ऊन होतं. मी दोरीवर चादरी वाळत घालत होते आणि समोर पूर्णा भरून वाहत होती... गावात पावसाचा थेंब नव्हता. पाऊस वर मेळघाटात झाला होता, दोन दिवस.

मी अमरावतीच्या एका शाळेत एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं ह्यांच्या गावी आलो, अकोल्यापासून तासाभरावर. गावाखाली नवीन लेआउट पडलं, त्यात प्लॉट घेतला. खिडकीतून नदी दिसते, याची मला फार हौस होती.

नद्यांच्या काठी संस्कृती जन्मल्या. पूर गाळ आणतो, गाळावर पीक येतं, पिकावर शहरं उभी राहतात... हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. त्या लोकांनी राहायची घरं नेमकी कुठे बांधली, हे एकाही मुलाने विचारलं नाही. मलाही कधी सुचलं नाही.

लेआउटमधली बाकीची मंडळी आदल्या संध्याकाळीच नातेवाइकांकडे निघून गेली होती. मी त्यांना भित्रे म्हटलं होतं. काठावरच्या बाभळीला पाणी लागलं की निघायचं, असं माझं ठरलेलं. पाणी बाभळीच्या बरंच खाली होतं.

तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. त्या वर जुन्या गावात राहतात, आमच्याकडे दूध घालतात, सत्तरीच्या पुढे आहेत. आज हातात किटली नव्हती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"मॅडम, तिकडं काय पाहून राहिल्या? मांगं पाहा."

मागे नाला आहे. एरवी त्यात शेळ्या चरतात. मी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि हात कडीवरच राहिला... परसातली पेरूची झाडं पाण्यात उभी होती. पूर्णा इतकी फुगली होती की नाल्याचं पाणी तिच्यात शिरेना. ते उलटं वळून आमच्याकडे चढत होतं. अजिबात आवाज न करता.

वच्छलाबाईंनी पाण्याच्या कडेला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एक काडी खोचली. मी आत जाऊन ह्यांची औषधं पिशवीत टाकली, परत आले. काडी दिसेना.

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, वॉकरशिवाय उभं राहता येत नव्हतं. गावाबाहेर जाणारा रस्ता नाल्यावरून जातो, तो बुडाला होता. उरलं फक्त जुनं गाव, उंच पांढऱ्या मातीच्या टेकाडावरचं... सगळे त्याला गढी म्हणतात. आमच्यापासून दोनशे पावलं.

पाणी आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला. हे वॉकर उचलत, टेकवत, थांबत... इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांना लवकर चला म्हटलं नाही.

गढीच्या पायथ्याशी पोचलो आणि वाटच संपली. पूर्वी इथे बैलगाडी चढेल असा उतार होता. आता समोर दोन पुरुष उंचीची उभी भिंत होती, कापलेली. चार वर्षांपूर्वी लेआउटमधल्या आम्हा सगळ्यांनी प्लॉटच्या भरावासाठी तिथूनच जेसीबी लावून माती उचलली होती. आमच्या जोत्याखाली सहा ट्रॉल्या आहेत. मी स्वतः उभी राहून टाकून घेतल्या.

वच्छलाबाई कडेच्या शेळीवाटेने हातापायांवर वर गेल्या. "हाललात तर पाहा. मानसं आनतो."

आम्ही दोघंच उरलो. पाणी गुडघ्याला आलं. हे म्हणाले, "तू चढ त्या वाटेने." मी म्हटलं, "गप्प बसा." एवढंच बोलणं झालं.

भिंत माझ्या नाकासमोर होती. तिच्यात थर दिसत होते... राख, खापराचे तुकडे, पांढरी माती, परत राख. तेव्हा कळलं, ही टेकडी नव्हेच. लोकांनी सुपीक काळी जमीन पिकाला सोडली आणि स्वतः इथे राहिले. घर पडलं की त्याच मातीवर नवं, तेही पडलं की पुन्हा त्याच्यावर... कित्येक पिढ्यांनी पुराच्या भीतीपोटी हे गाव हळूहळू उंच केलं होतं. आम्ही त्याची वाट दोन दिवसांत नाहीशी केली.

वरून दोर लावून एक बाज खाली सोडली. तिच्याबरोबर दोन जण उतरले, ह्यांना आडवं करून बांधलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक, तरी म्हणालेच, "बाजेवरून जायची वेळ आली म्हणायची."

वरून वच्छलाबाई ओरडल्या, "भाऊजी, खाली नाई, वर घेऊन राहिलो तुमाले. गुमान पडून राहा."

अर्ध्यावर बाज कलली. वरची माती ढासळून ह्यांच्या तोंडावर पडली. मी खाली मांडीपर्यंत पाण्यात, आणि दोराचा करकर आवाज... मग बाज कडेपलीकडे दिसेनाशी झाली. त्यानंतर मी शेळीवाटेने कशी चढले, आठवत नाही.

दुपारी आमच्या घराच्या खिडक्या बुडाल्या. शेजारच्या बाजेवरून खोकण्याचा आवाज येत होता, ह्यांचा. तेवढं मला पुरेसं होतं.

मातीबद्दल गढीवर कुणी एक शब्द काढला नाही. चहा हातात देताना वच्छलाबाईंनी फक्त विचारलं, "तुमच्या लाईनीत अशी किती मानसं हायत, मॅडम? बाज एकच हाय."

मी घरं आठवली. अकरा घरं, आणि स्वतःच्या पायांनी चढू न शकणारी सात माणसं... ह्यांना धरून. ती सगळी त्या दिवशी इथे असती तर?

म्हणून हे लिहिते आहे: येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण गढीचा उतार पुन्हा बांधायला घेतो आहोत. लेआउटमधल्या प्रत्येकाने घमेलं घेऊन यायचं आहे, कारणं सांगू नयेत. वच्छलाबाईंचे आणि त्या दोर धरणाऱ्या हातांचे आभार शब्दांत मानून काही उपयोग नाही. आणि पावसाळा अजून संपलेला नाही.