जिंकलेल्या डावाचे सहा हजार

बुद्धिबळाच्या वर्तुळात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. कारण साधं होतं. पहिल्या वीस चालींना ती इतका वेळ घ्यायची की पुढच्या वीस चाली तिला श्वास रोखून खेळाव्या लागत. तरीही ती जिंकायची. एके काळी देशातल्या पहिल्या दहा बायकांत तिचं नाव होतं. आता वय एकोणचाळीस, रेटिंग उतरणीला लागलेलं, आणि घर चालायचं ते नवऱ्याच्या पगारावर आणि तिच्या शिकवण्यांवर. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. "आमच्या घरात एक जण लोकांना वर नेतो आणि एक जण वर जायचं म्हणून पंचवीस वर्षं बटण दाबून उभी आहे," असं ती हसत हसत सांगायची. अलीकडे सांगत नव्हती.

वर्षातून पाच-सहा स्पर्धा ती खेळायची. त्यातली एक ठरलेली होती, एका कॉलेजच्या क्रीडागृहात भरणारी. पाच दिवस, नऊ फेऱ्या. बॅडमिंटनच्या कोर्टांवर लांबच लांब टेबलं मांडलेली असत, वर निळी रेक्झिन, आणि निम्म्या खुर्च्या डुगडुगणाऱ्या. मुख्य बक्षिसं वीस होती. पहिल्याला दोन लाख, विसाव्याला पाच हजार. शिवाय सर्वोत्तम महिला खेळाडूला वेगळे चाळीस हजार. घड्याळबाईची नजर त्या चाळीस हजारांवर असायची. पहिल्या पाचांत यायचे तिचे दिवस गेले होते आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आठ फेऱ्या झाल्या तेव्हा तिचे सहा गुण होते. बायकांत तिच्या मागे फक्त एकच होती, साडेपाच गुणांवर, आणि ती तिचीच जुनी विद्यार्थिनी. एकोणीस वर्षांची, शांत, खेळताना ओठ चावणारी. शेवटच्या फेरीआधी दोघी एकाच नळावर बाटल्या भरत होत्या.

"ताई, तुमच्यासमोर कोण आलंय?"

"दाढीवाला प्राध्यापक. दोनदा हरवलंय त्यानं मला."

"मग आज तिसऱ्यांदा नको," मुलगी म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली.

अठराव्या चालीला प्राध्यापकानं हात पुढे केला. "बरोबरी?"

घड्याळबाईनं मनाशी हिशेब मांडला. बरोबरी घेतली तर साडेसहा. पण मुलगी जिंकली तर तिचेही साडेसहा. मग टायब्रेक, म्हणजे कुणाच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती गुण मिळवले त्याची बेरीज. त्या बेरजेच्या भरवशावर कशाला राहायचं? जिंकलो तर प्रश्नच मिटला. शिवाय पटावर तिचा उंट प्राध्यापकाच्या घोड्यापेक्षा कितीतरी मोकळा होता.

"खेळू या," ती म्हणाली.

पुढचे साडेतीन तास ती जे खेळली ते तिच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. पटावर राजे, हत्ती आणि प्यादी एवढंच उरलं, तिच्याकडे फक्त एक प्यादं जास्त. घड्याळात चार मिनिटं उरलेली. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली, माणसं हाताची घडी घालून भोवती उभी राहिली. तिनं राजा एकेक घर पुढे सरकवत नेला, घाई केली नाही, आणि अडुसष्टाव्या चालीला प्राध्यापकानं डाव सोडला. उठता उठता तो म्हणाला, "सुंदर खेळलात. मला कुठे जागाच ठेवली नाहीत."

पलीकडे मुलीनं बरोबरी केली होती. सहा गुण. घड्याळबाई पूर्ण एका गुणानं पुढे होती. तिनं नवऱ्याला फोन करून सांगितलं, "मिळाले. वॉशिंग मशीन बघून ठेव."

तासाभरानं पंचांनी यादी भिंतीला चिकटवली. सात गुणांवर चौदा जण होते, टायब्रेकनं ती अठरावी. अठरावं बक्षीस सहा हजार. खाली, सर्वोत्तम महिला या ओळीपुढे मुलीचं नाव.

तिनं यादी दोनदा वाचली. मग पंचांच्या टेबलाशी गेली. पंच तिला वीस वर्षं ओळखत होते.

"काहीतरी चुकलंय. महिलांत मी पहिली आहे."

पंचांनी चष्मा वर केला आणि माहितीपत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मुख्य बक्षीस मिळणाऱ्या खेळाडूचा विशेष बक्षिसासाठी विचार होणार नाही.

"दोन्हींतलं मोठं मिळतं की. मागच्या वर्षी तसंच होतं."

"मागच्या वर्षी होतं. या वर्षी बदललं. तुम्ही वाचलं नाहीत?"

नव्हतं वाचलं. सहा वर्षं येत असलेल्या स्पर्धेचं पत्रक कोण पहिल्यापासून वाचतं? तारीख बघितली, प्रवेश फी बघितली, भरली.

"म्हणजे बरोबरी घेतली असती तर मी पहिल्या विसांत आले नसते, आणि मला चाळीस हजार मिळाले असते?"

पंचांनी मान हलवली.

"आणि हरले असते तर?"

"तरी," पंच हळू आवाजात म्हणाले. "सहा-सहा झाले असते, पण टायब्रेक तुमचाच चांगला आहे. माझ्या हातात असतं तर मी असा नियम केला नसता, मॅडम. पण छापलेलं आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायचं कुणाशी? हा माणूस फक्त ओळ दाखवत होता. ती बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. मुलगी मागोमाग आली. तिचा चेहरा पडलेला होता.

"ताई, निम्मे तुम्ही घ्या. मला नाही बरं वाटत."

"बक्षीस तुझं आहे. गप्प घरी ने."

नाही म्हणताना जीभ अडखळली नाही. पण परतीच्या बसमध्ये सहा तास एकच विचार डोकं कुरतडत राहिला: हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? वीस हजारांत मशीन आलं असतं. प्रवास, लॉज आणि फी धरून आठ हजार गेले होते, सहा आले. इतक्या वर्षांतल्या सर्वांत चांगल्या डावासाठी तिनं पदरचे दोन हजार मोजले होते.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं तेच विचारलं. "नियम वाचला नव्हतास?"

"नाही वाचला. झालं समाधान?"

"चिडू नकोस. मग मी काय म्हणू? हरली असतीस तर बरं झालं असतं, असं?"

तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली. दोघं एकमेकांकडे न बघता जेवले.

तिनं आयोजकांना सविस्तर पत्र लिहिलं. बारा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: नियम आधीच जाहीर केला होता. खेळाडूंच्या संघटनेनं फोनवर सहानुभूती दाखवली आणि पुढच्या सभेत विषय घेऊ म्हटलं. सभा झाली. विषय राहिला.

त्याच महिन्यात नव्या विद्यार्थिनीची आई भेटायला आली. दंतवैद्याकडे काम करायची, नीटनेटकी, हातात वही. लेकीला पुढे हेच करायचं आहे म्हणाली. "पण एक विचारू? यात पैसे किती मिळतात हो?"

घड्याळबाईनं ठरवलं, या बाईशी खोटं बोलायचं नाही. "जगातले वरचे पंचवीस-तीस जण खूप कमावतात. त्यांच्याखालचे काहीजण पोट भरतात. बाकीचे आमच्यासारखे शिकवण्या करतात आणि त्या पैशांतून स्पर्धा खेळतात. मी गेल्या वर्षी बक्षिसांचे एकतीस हजार मिळवले आणि खर्च केले चव्वेचाळीस."

बाईनं वहीत काहीच लिहिलं नाही. तिनं भिंतीवरच्या कपाटाकडे पाहिलं, तिथल्या दोन रांगा करंडकांकडे, पेपरातल्या चौकटीतल्या फोटोकडे.

"सांगायचं नसेल तर राहू द्या मॅडम," ती जरा दुखावून म्हणाली. "आम्ही काही कुणाला बोलणार नव्हतो."

आत नव्या विद्यार्थिनीनं पट मांडून ठेवला होता. घड्याळबाई उठली, आत गेली, दार पुढे ओढलं आणि शिकवायला बसली.